नम्रतेचा धडा प्रथम कोणी गिरवावा?
जालना परिसरातील ख्रिस्ती इतिहासाचे एक अवलोकन

ज्युबिलीचा प्रसंग हा उपकारस्मरणाचा प्रसंग होय. परंतु उपकारस्मरण आणि आत्मश्लाघा ह्यांच्या हद्दी एकमेकींस इतक्या लागून आहेत की, पाऊल पलीकडे केव्हा पडले हे चालणाऱ्यास उमगतही नाही. देवाने आम्हांसाठी काय केले हे सांगता सांगता आम्ही देवासाठी काय केले ह्याची यादी सुरू होते. मग देणगीदारांची नावे, इमारतींची मापे आणि समारंभांची वर्णने ह्यांतच लेखणी रमते. म्हणून ह्या स्मरणिकेत इतिहासाचे एक असे पान उघडावे असे आम्हांस वाटले, की जे वाचून आमची मान ताठ न होता थोडी लवेल आणि आमचे अंतःकरण मात्र उंचावेल.

ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थही आम्हांस ह्याच वाटेने नेतो. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा विधी सांगितला आहे. त्या वर्षी मेंढ्याचे शिंग फुंकावयाचे, गहाण पडलेली जमीन मूळ कुळास परत द्यावयाची आणि दास्यात पडलेल्यास मुक्त करावयाचे. म्हणजे ज्युबिलीच्या दिवशी ज्याच्या हाती अधिक आहे त्याने हात मोकळा करावयाचा असतो, आणि जो खाली पडला आहे त्याने उठून उभे राहावयाचे असते. एकाने उतरणे आणि दुसऱ्याने उठणे ह्या दोन क्रिया मिळून ज्युबिली पुरी होते. पोप आठवे बोनिफेस ह्यांनी १३०० साली रोम येथे पहिले पवित्र वर्ष पाळले, तेव्हापासून ख्रिस्तसभेत ही प्रथा चालत आली आहे. तिचा गाभा क्षमा हाच आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तत्पूर्वी ह्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता. 'जालना सोने का पालना' ही म्हण इकडे अजून ऐकू येते. बाजारपेठेच्या वैभवाची ती खूण आहे. ह्याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि शेजारच्या पैठणात त्याआधी एकनाथ महाराज होऊन गेले. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्याच्या लेकरास नाथांनी कडेवर घेतले, अशी कथा परंपरा सांगते. तेव्हा दया ही ह्या भूमीस परकी होती असे म्हणण्याचा उद्दामपणा आम्ही करणार नाही. ख्रिस्ताचे दूत येथे येण्यापूर्वीच देव येथे होता.

येथील भूमीवर अहंकाराचाही एक मोठा प्रसंग घडला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, केळणा व जुई ह्या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे व भोसले ह्यांच्या सैन्याशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. जय त्याचा झाला; परंतु त्याच्या लहानशा सैन्यातील दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. त्याच्या पदरी स्कॉटलंडच्या दोन डोंगरी पलटणी होत्या. ह्या मुलखाने स्कॉच मनुष्य प्रथम पाहिला तो असा, हाती बंदूक घेतलेला. पुढे जालन्यास इंग्रजांची छावणी बसली, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी स्कॉटलंडचे नाव येथे पुन्हा ऐकू आले ते शाळेच्या आणि प्रार्थनामंदिराच्या संबंधाने. ते पुढे येईल.

हाच वेलस्ली कालांतराने ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८२८ साली इंग्लंडचा पंतप्रधान झाला. तोवर त्या देशात कॅथोलिक मनुष्यास पार्लमेंटात बसण्याची मनाई होती. वेलिंग्टन व त्याचे सोबती ह्या मनाईचे पाठीराखे होते. परंतु १८२८ साली आयर्लंडातील क्लेअर येथून डॅनियल ओकॉनेल हा कॅथोलिक पुढारी निवडून आला, आणि ही मनाई चालू ठेवल्यास यादवी माजेल हे त्या अनुभवी सेनापतीने ओळखले. त्याने आपला पूर्वीचा हेका सोडला, १८२९ साली कॅथोलिकांच्या मुक्ततेचा कायदा मंजूर करवून घेतला, आणि त्यापायी स्वपक्षाच्या एका सरदाराशी त्यास द्वंद्वयुद्धही करावे लागले. असईच्या रणात न वाकलेला मनुष्य येथे वाकला, आणि त्याच्या वाकण्याने लक्षावधी कॅथोलिकांचे कल्याण झाले, ह्यात संशय नाही.

तथापि हे वाकणे कोणत्या जातीचे होते, हे पाहिले पाहिजे. त्याच वर्षी आयर्लंडातील मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली, आणि ओकॉनेलला ज्यांनी निवडून दिले त्या गरीब कुळांचाच मताधिकार गेला. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. निरुपायाने वाकणारा मनुष्य नेहमी असेच करतो. तो परिस्थितीपुढे वाकतो, मनुष्यापुढे नव्हे. म्हणून ज्याच्यासाठी वाकला त्याचे मुख तो कधी पाहत नाही. मुत्सद्देगिरी म्हणून हे शहाणपणाचे खरे. पण ख्रिस्ताने ज्या नम्रतेची आज्ञा केली ती ही नव्हे.

ती दुसरी नम्रता शोधावयाची तर आपणांस मुंबईहून जालन्यास यावे लागेल, आणि एका प्रॉटेस्टंट गृहस्थाची कथा ऐकावी लागेल. कॅथोलिक धर्मग्रामाच्या स्मरणिकेत प्रेस्बिटेरियन धर्मगुरूची थोरवी कशास, असे कोणी विचारील. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कित्येक वाचकांस हे रुचलेही नसते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढून, आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंमध्ये पवित्र आत्म्याने जे चांगले केले आहे ते आनंदाने मान्य करावे असे शिकविले. तेव्हा शेजाऱ्याच्या अंगणातील दिवा पाहून 'उजेड आहे' असे म्हणण्यास आम्ही का लाजावे?

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातील बुद्धिमान तरुण मुंबईस स्कॉच मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८४३ साली रॉबर्ट नेसबिट ह्यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अवघा बारा वर्षांच्या सुमाराचा मुलगा. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला, त्यांच्या पंक्तीस जेवला. बापाने सुप्रीम कोर्टात दाद मागितली, आणि न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी ह्यांनी मुलगा बापाच्या स्वाधीन केला. तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला: मुलगा घरी आला, पण जातीत यावयाचा कसा? 'दर्पण' पत्राचे संस्थापक बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा पक्ष धरला. त्यावरून मुंबईच्या ब्रह्मवृंदात मोठी दुफळी माजली आणि सनातनी मंडळींचा रोष बाळशास्त्र्यांस सोसावा लागला.

ह्या प्रकरणाकडे आज आम्ही कसे पाहावे? आमच्या मते, ह्यात सर्वच पक्षांना शिकण्यासारखे आहे. ज्यांनी मुलाची वाट अडविली त्यांना आपली शुद्धता लेकराच्या अश्रूंहून मोठी वाटली. हा अहंकार तर उघडच आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलास आईबापांच्या संमतीवाचून आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या मिशनऱ्यांच्या उत्साहातही एक सूक्ष्म अहंकार लपला असावा. आपला हेतू पवित्र आहे एवढ्यावरून आपला मार्गही निर्दोष ठरतो, अशी समजूत करून घेण्याचा मोह धर्मकार्य करणाऱ्यांस नेहमीच असतो. आणि बाळशास्त्री, जे ख्रिस्ती नव्हते व ज्यांचा ख्रिस्ती होण्याचा विचारही नव्हता, त्यांनी एका मुलासाठी दार उघडे ठेवण्याकरिता आपली प्रतिष्ठा पणास लावली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप दार उघडून वाटेवर उभा होता. मोठा भाऊ मात्र अंगणात रुसून बसला होता. ह्या प्रकरणात बापाचे काम कोणी केले आणि मोठ्या भावाचे कोणी केले, ह्याचा निवाडा वाचकांनीच करावा.

नारायण शेषाद्रींच्या मनात ह्या घटनेचे काय पडसाद उमटले हे त्यांच्या अंतःकरणासच ठाऊक. त्यांच्या कृतीवरून मात्र एवढे दिसते की, जातीने टाकलेल्या ह्या मनुष्याने दुसरी उंच जागा शोधली नाही. त्यांच्या विद्येस मुंबईत मान होता. पुढे १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या परिषदेत, डोक्यास पागोटे बांधून, त्यांनी भाषण केले आणि तेथील श्रोत्यांस जिंकले. असा मनुष्य मोठ्या शहरात मोठ्या पदावर शोभला असता. परंतु १८६० नंतरच्या दशकात ते निजामाच्या मुलखात जालन्यास आले, आणि त्यांचे काम मुख्यतः मातंग समाजात चालले. त्या काळी मांग म्हणून ज्यांस गावाबाहेर ठेवीत, ज्यांची सावली टाळीत, त्यांच्यात हा ब्राह्मण जाऊन बसला. सर सालार जंग हे हैदराबादचे दिवाण असता निजाम सरकारकडून जमीन मिळाली, आणि जालन्यानजीक ख्रिस्ती लोकांचे एक गाव वसले. याकोबाने दगडाची उशी करून निजल्यावर ज्या स्थळी स्वर्गाची शिडी पाहिली, त्या स्थळाचे नाव त्यास दिले गेले: बेथेल, म्हणजे देवाचे घर.

येथे थोडे थांबून आमचा मुख्य विचार सांगावयाचा आहे. नम्रतेवर प्रवचने पुष्कळ होतात, आणि ती ऐकणाऱ्यांत बहुधा गरीबच अधिक असतात. जो मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राहिला, ज्यास लहानपणापासून 'तू हलका आहेस' हे शिकविले गेले, त्याला पुन्हा 'नम्र हो' म्हणून सांगणे हा उपदेश नव्हे. ती त्याच्या जखमेवर दिलेली डागणी होय. आत्मतिरस्कार ही नम्रता नव्हे. नम्रता म्हणजे सत्य ओळखणे: मी देवाच्या हातची निर्मिती आहे, त्याच्या कृपेवाचून काही नाही, आणि त्याच्या कृपेने त्याचे लेकरू आहे. उंच बसलेल्यास ह्या सत्याचा पहिला अर्धा भाग ऐकण्याची गरज असते. खाली दडपलेल्यास दुसरा अर्धा भाग आधी ऐकू यावा लागतो. मरियामातेच्या स्तवनगीतात हे दोन्ही भाग एका श्वासात आले आहेत. त्यात बलवंत आसनावरून उतरविले जातात आणि दीनांस उंच केले जाते. ह्यास्तव नम्रता ही पुढाऱ्याने अनुयायांकडून मागावयाची वस्तू नव्हे. ती त्याने स्वतः आचरावयाची असते. त्याने इतरांना द्यावयाची वस्तू दया होय. परूशी व जकातदार ह्यांच्या दाखल्यात प्रभूने परूशाची कानउघाडणी केली; मागे उभे राहून ऊर बडवणाऱ्या जकातदारास आणखी खाली वाक असे सांगितले नाही. तो नीतिमान ठरून घरी गेला.

नारायण शेषाद्रींची कामगिरी ह्या कसोटीस बहुतांशी उतरते. ते स्वतः उतरले, आणि ज्यांच्यात उतरले त्यांस उठविले. परंतु उपकारकर्त्याच्या मार्गातही एक खाच असते, आणि ती केवळ त्यांच्याच मार्गात होती असे नव्हे. एका मनुष्याच्या नावावर वसलेली वस्ती त्याच्या मागे तशीच नांदेल असा भरवसा नसतो. मिशनच्या जमिनी, मिशनचे धान्य, मिशनच्या नोकऱ्या ह्यांवर उभी राहिलेली मंडळी कालांतराने मायबाप शोधू लागते, आणि मायबाप होणे पुढाऱ्यासही गोड लागते. १८९१ साली नारायण शेषाद्री निवर्तले. त्यांच्या पश्चात आणि सर्वच मिशनांच्या पश्चात आमच्या प्रांतापुढे हाच प्रश्न राहिला आहे: ज्यांस आपण हात दिला ते आता आपल्या पायांवर उभे आहेत, की अजून आपला हात धरूनच आहेत? हात सोडण्याची वेळ ओळखणे, हीही पुढाऱ्याची नम्रताच होय.

आता आमच्या कॅथोलिक परंपरेकडे वळू. सॅव्हॉय प्रांतातील अ‍ॅनेसी येथे १८३८ साली फादर पिटर मर्मिये ह्यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणास उतरले, कामठीच्या छावणीपर्यंत आले, आणि १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला. १८९२ साली फादर मारियन थॉमस व त्यांचे सहकारी गुरुबाबू पिल्ले ह्यांनी वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथे मराठवाड्यातील कार्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे १९७७ साली औरंगाबादचा धर्मप्रांत उदयास आला. ह्या इतिहासात फादरांचे नाव अग्रभागी येते हे योग्यच. पण गुरुबाबूंसारख्या प्रापंचिक सेवकांवाचून एकही गाव उघडले नसते. परदेशी धर्मगुरूस भाषा शिकविणारे, मारुतीच्या पारावर बसून त्याची ओळख करून देणारे, तो परगावी गेला असता मुलांस 'हे आमच्या बापा' शिकविणारे आणि मृतास माती देणारे हे उपदेशकच होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणत्याही संगमरवरी पाटीवर नाहीत. देवाच्या पुस्तकात ती असतील, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.

येथे इतिहासाचा एक विलक्षण योग दृष्टीस पडतो. संत फ्रान्सिस हे जिनीव्हाचे बिशप होते. पण जिनीव्हा शहर कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या हाती असल्याने त्यांस आपल्याच पीठनगरीत राहता येत नसे, व ते अ‍ॅनेसीस राहत. ज्या शाब्ले प्रदेशात त्यांनी १५९४ पासून काम केले तेथे त्यांनी पत्रके लिहिली, दारोदार जाऊन गोडीने संभाषण केले, आणि वृद्ध थिओडोर बेझाची भेटही घेतली. उलटपक्षी स्कॉटलंडची प्रेस्बिटेरियन मंडळी जॉन नॉक्सने ज्या नमुन्यावर उभारली तो नमुना त्याने जिनीव्हातच पाहिला होता. म्हणजे युरोपातील एकाच सरोवराकाठी जे दोन पक्ष एकमेकांस पाठमोरे झाले, त्यांचे आध्यात्मिक वंशज तीनशे वर्षांनी गोदावरीच्या खोऱ्यात, त्याच दीनदुबळ्या लोकांत, शेजारी शेजारी येऊन काम करू लागले. दोघांनीही एकमेकांविषयी फार गोड शब्द वापरले असे नाही. अमुक गाव आपले, तमुक त्यांचे, अशी मोजदाद ठिकठिकाणी चालली. जे गुरे राखणाऱ्यांना तारू आले त्यांनी आपापले कळप मोजण्यात वेळ घालविला, ही आमची उभयतांची लाजिरवाणी गोष्ट होय.

परंतु देवाची दया मनुष्याच्या भांडणांहून दीर्घायुषी आहे. मनुष्य आपल्या पुण्याईने नव्हे तर देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो, ह्या मूळ वादाच्या विषयावर कॅथोलिक व लुथरन मंडळींनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी एक संयुक्त जाहीरनामा केला, आणि २०१७ च्या जुलै महिन्यात कॅल्व्हिनच्या परंपरेतील मंडळ्यांच्या जागतिक संघानेही त्यास आपली संमती जोडली. ज्यावरून भांडलो, त्या वचनाचा अर्थच असा होता की कोणी कोणापुढे बढाई मारू नये. हे उमजण्यास आम्हांस जवळजवळ पाचशे वर्षे लागली.

आमच्या स्वतःच्या घरातील अहंकाराचा उल्लेख टाळला तर हा लेख प्रामाणिक राहणार नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघते असे आम्ही शिकवितो. परंतु गोमंतकातील कित्येक चर्चांत बंधुसंघ जातवार वाटले गेले होते, आणि दक्षिणेत काही ठिकाणी बसण्याच्या जागा व दफनभूमीदेखील वेगळ्या राहिल्या. भारतातील कॅथोलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना ख्रिस्तसभेत हा भेद अस्तित्वात असल्याचे स्पष्ट मान्य केले. एवढ्या मोठ्या अधिकारपीठाने आपला दोष उघड कबूल करणे, हे आमच्या मते एखाद्या भव्य मंदिराच्या पायाभरणीहून कमी नव्हे. बाहेरून होणारा अन्यायही आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधव त्यात घेतले गेले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. परंतु सरकारदारी समतेची मागणी करणाऱ्यांनी आपल्या चर्चच्या दारी ती प्रथम आणिली पाहिजे. २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला ह्यांस कार्डिनल केले. दलित समाजातून कार्डिनल झालेले ते पहिलेच. ज्या हैदराबादच्या राज्यात आमचे पूर्वज वेशीबाहेर राहिले, त्याच हैदराबादच्या पीठावर हे घडले. दीनांस उंच करणाऱ्या देवाचे स्तवन करण्यास ह्याहून मोठे निमित्त कोणते हवे?

त्याच पोप फ्रान्सिस ह्यांनी डिसेंबर २०१५ पासून नोव्हेंबर २०१६ पर्यंत दयेची असाधारण ज्युबिली पाळली आणि जगभरच्या धर्मप्रांतांत दयेची दारे उघडविली. त्या पवित्र वर्षाचे मर्म संत पेत्राच्या चरित्रात सापडते. त्याने अहंकाराने प्रतिज्ञा केली, भीतीने तीनदा नाकारले, आणि कोंबडा आरवताच बाहेर जाऊन तो रडला. पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी त्यास गाठले, तेव्हा हिशेब मागितला नाही. प्रीतीविषयी विचारले, तेही तीनदा, आणि त्यानंतर मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. ख्रिस्तसभेचा पहिला पुढारी क्षमा झालेला पापी आहे. ज्यास आपल्याला क्षमा झाल्याचे विस्मरण होते, त्याच्या हाती मेंढपाळाची काठी लवकरच दंडुका होते.

तेव्हा वाचकहो, ही ज्युबिली आम्ही कशी पाळावी? मंडप, मिरवणूक, मिष्टान्न हे सर्व असावे; आनंदास धर्माची आडकाठी नाही. परंतु ज्यांच्या घराशी आमचा अबोला आहे त्या घराची पायरी ह्या वर्षी आमच्यातील थोरांनी प्रथम चढावी. बांधावरून, वाटणीवरून, पंचायतीच्या निवडणुकीवरून तुटलेली मने प्रायश्चित्त संस्काराच्या आधी जोडावी. धर्मग्रामाच्या कारभारात ज्यांनी आजवर केवळ सतरंज्या अंथरल्या, त्यांस त्यांवर बसावयास बोलवावे. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, तेव्हा ते दृश्य पाहून आमचे डोळे भरून येतात. तोच प्रसंग वर्षाच्या इतर दिवशी आमच्या घरी, शेतात, शाळेत व दवाखान्यात घडावा.

हे करुणामय परमेश्वरा, आम्हांपैकी जे उंच बसले आहेत त्यांस उतरण्याचे धैर्य दे. जे खाली आहेत त्यांस उठण्याचे धैर्य दे. आणि मध्यावर तुझी व एकमेकांची भेट होऊ दे. ज्यांनी ह्या मातीत तुझे नाव आणिले, ते कोणत्याही मंडळीचे असोत, त्यांस आपल्या विसाव्यात घे. येशू ख्रिस्त आमच्या प्रभूच्या द्वारे. आमेन.